रांग आपल्या दारात आणा: इंटरनेट कॉल तुटतो तेव्हा राउटरमध्ये काय बदलायचं

रविवारी रात्री साडेनऊला सांगलीहून मावशीचा व्हिडिओ कॉल येतो. गेल्या मे महिन्यात घरातलं एक लग्न आटोपलं आणि त्याच आठवड्यात तिचा आवाज तुटायला लागला. दोन वाक्यं नीट, मग शांतता, मग चार शब्द एकावर एक आदळत. तिकडून ती विचारायची, "अरे, हौदात तोंड घालून बोलतोयस का?" आम्ही दोघं एकदम बोलायला लागायचो, दोघं थांबायचो, "तू बोल", "नाही, तू बोल", आणि पुन्हा दोघं एकदमच. इंटरनेटवाल्याला फोन केला. त्याने स्पीड टेस्ट करायला लावली. आकडा ठीक आला, तर म्हणाला, "साहेब, मोठा प्लॅन घ्या."

पैसे भरण्याआधी मी एक साधा हिशेब केला. आवाजाच्या कॉलला लागतं तरी किती? टेलिफोनच्या दर्जाची जी.७११ ही जुनी पद्धत धरू. तिच्यात सेकंदाला ६४ किलोबिट आवाज तयार होतो. त्याचे २०-२० मिलिसेकंदांचे तुकडे करून पॅकेटं भरतात, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि वर ४० बाइट नाव-पत्ता. सगळं मिळून ८० किलोबिट. आजची अ‍ॅपं बहुतेक करून ओपस ही २०१२ साली प्रमाणित झालेली पद्धत वापरतात, तिचं तर याहून कमीत भागतं. माझ्याकडे मोजलेला वेग खाली यायला (डाउनलोड) ४८ मेगाबिट आणि वर जायला (अपलोड) १०. म्हणजे कॉलचा आवाज माझ्या वरच्या वाटेचा फार तर सव्वाशेवा हिस्सा घेत होता. चित्र धरलं तरी एक-दीड मेगाबिट. जागा भरपूर होती, अडत होतं ते दुसरीकडेच.

गिरणीतली रांग

आमच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे. समजा, संध्याकाळी खानावळवाल्याने ज्वारीची सहा पोती आणून ठेवली आणि त्याच्यामागे तुम्ही दोन किलो बाजरीचा डबा घेऊन उभे राहिलात. तुमचं दळण दोन मिनिटांचं. पण पोती आधी आली, म्हणून तुमचा पाऊण तास गेला. गिरणीवाल्याने दुप्पट वेगाची चक्की बसवली, तरी तुमचा वेळ निम्म्यावर येईल, रांग मोडणार नाही. आणि खानावळवाला उद्या बारा पोती आणेल.

आमच्या घरातली पोती म्हणजे बायकोच्या फोनमधले हळदीचे आणि वरातीचे व्हिडिओ. फोन रात्री चार्जिंगला लागला, वायफाय मिळालं, की बॅकअप सुरू. वेळ साधारण सव्वानऊ. लग्नानंतर तीन आठवडे तो बॅकअप रोज थोडा थोडा चालू होता आणि मी मात्र दोष देत होतो सांगलीच्या नेटवर्कला.

इंटरनेटच्या प्रत्येक यंत्रात थोडी साठवणीची जागा असते. पॅकेटं येण्याचा वेग पुढे जाण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला, की ती तिथे थांबतात. थोडी जागा हवीच, पण मेमरी स्वस्त झाली तशी बनवणाऱ्यांनी ती सढळ हाताने दिली. एकही पॅकेट फुकट जाऊ नये, हा त्यामागचा सद्हेतू. आता गणित बघा. समजा, फायबरच्या डब्यात, म्हणजे कंपनीची तार घरात येऊन जिथे संपते त्या यंत्रात, १ मेगाबाइटची जागा आहे आणि वर जायचा वेग १० मेगाबिट. १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट. ती जागा भरलेली असेल तर शेवटी येऊन उभ्या राहिलेल्या पॅकेटला ०.८ सेकंद थांबावं लागणार. बॅकअपला त्याचं काहीच नाही, व्हिडिओ पाऊण सेकंद उशिरा पोचला म्हणून कुणाचं बिघडत नाही. बोलण्याचं मात्र बिघडतं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण सहज वाटतं, आणि ४०० च्या पुढे जाऊ देऊ नये. "तू बोल, तू बोल" हा प्रकार तिथूनच येतो. मी थांबलोय हे मावशीला उशिरा कळतं, तोवर मी पुन्हा सुरू झालेलो असतो.

शब्द तुटतात त्याचं कारण थोडं वेगळं. आवाजाची पॅकेटं २०-२० मिलिसेकंदांच्या ठेक्यात निघतात, पण रांग कधी लांब, कधी आखूड, त्यामुळे पोचताना ठेका चुकलेला असतो. पलीकडचा फोन ती थोडा वेळ धरून ठेवतो आणि ठेका जुळवून ऐकवतो. फार उशिरा आलेलं पॅकेट तो सरळ टाकून देतो. गेलेला शब्द पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो, बोलणं तोवर पुढे गेलेलं असतं.

या दुखण्याला नाव मिळालं बफरब्लोट, म्हणजे साठवणीची सूज. जिम गेटिस नावाचे एक मुरलेले संगणकतज्ज्ञ २०१० मध्ये घरून एक मोठी फाइल पाठवत होते आणि घरातलं बाकीचं इंटरनेट लोळागोळा झालं. त्यांनी खणून काढलं, तेव्हा सापडलं की हा एकट्या त्यांच्या घरचा घोळ नाही, घरोघरी हेच चाललंय. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर कोडेल नावाचा उतारा काढला. कल्पना साधी आहे. रांगेत किती पॅकेटं आहेत ते मोजू नका, प्रत्येक पॅकेट किती वेळ थांबलं ते मोजा. थांबणं ५ मिलिसेकंदांच्या वर गेलं आणि १०० मिलिसेकंद तसंच राहिलं, तर पॅकेटं टाकायला सुरुवात करा. पॅकेट हरवलं की फाइल पाठवणारा संगणक आपणहून वेग कमी करतो, इंटरनेटचा तो जुना शिरस्ता आहे. त्याच वर्षी एरिक दुमाझे यांनी याला वेगवेगळ्या रांगांची जोड देऊन लिनक्स या संगणक प्रणालीमध्ये एफक्यू-कोडेल आणलं. २०१८ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती, केक, लिनक्समध्ये आली. डेव्ह टॅट या गृहस्थाने तर दशकभराहून जास्त काळ हाच विषय लावून धरला होता. ही नावं मुद्दाम सांगतोय, कारण पुढे राउटरच्या पानावर यातले शब्द तसेच भेटतील.

आधी खात्री करा

दुखणं हेच आहे का, ते पाच मिनिटांत कळतं. संगणकावर कमांडची काळी खिडकी उघडून ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो, ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा. विंडोजमध्ये पुढे -टी लावलं की ते थांबवेपर्यंत चालतं. घरात सगळं शांत असताना आकडे बघा, मग फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ कुठेतरी चढवायला लावा आणि पुन्हा बघा. माझ्याकडे शांततेत १८ मिलिसेकंद येत होते. बॅकअप सुरू झाल्यावर ४१०, ६६०, ७२०, मध्येच एक उत्तर आलंच नाही. बॅकअप थांबवला, दोन सेकंदांत परत १८.

याच वेळी दुसऱ्या खिडकीत स्वतःच्या राउटरला पिंग करा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. नक्की कोणता, ते राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तिथे २-३ मिलिसेकंदच येत असतील आणि बाहेरचा आकडाच फुगत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. पण राउटरपर्यंतच कधी ३ तर कधी १८० असे झोके जात असतील, तर दोष वायफायमध्ये आहे. त्याकडे नंतर येतो.

मी केलेली चूक

राउटरच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला की उघडतं त्या पानावर, क्यूओएस (कुणाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवण्याची सोय) नावाचा भाग असतो, कुठे त्याला बँडविड्थ कंट्रोल किंवा डिव्हाइस प्रायॉरिटी म्हणतात. मी तिथे गेलो, स्वतःचा फोन शोधला, त्याला 'हाय प्रायॉरिटी' दिली आणि सेव्ह केलं. रविवारी मावशी परत हौदातच.

असं का झालं, ते कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या. प्राधान्य हे रांगेतलं असतं. जिथे रांग नाही तिथे कुणाला पुढे काढणार? माझा राउटर फायबरच्या डब्याला तारेने जोडलेला, तार १ गिगाबिटची. राउटरकडे आलेलं पॅकेट तो तत्क्षणी पुढे ढकलत होता, त्याच्यासमोर कधी कुणी थांबतच नव्हतं. खरी चिंचोळी वाट १० मेगाबिटची, ती डब्याच्या पुढे. म्हणजे पोती डब्यात साठत होती, आणि त्या डब्याला माझ्या फोनचं मोठेपण ठाऊक नव्हतं.

यावर उपाय असा, की रांग आपल्या हातात येईल अशा ठिकाणी ओढून आणायची. त्यासाठी राउटरला मुद्दाम खऱ्या वेगापेक्षा थोडं हळू चालवायचं. वर जायचा वेग १० असेल तर राउटरला सांगायचं ९. आता डब्याकडे दर सेकंदाला ९ मेगाबिटच पोचणार, तो ते लगेच पुढे पाठवणार, त्याच्याकडे काही साठणारच नाही. जे साठायचं ते राउटरमध्ये साठेल, आणि तिथे आपले नियम चालतात. दहावा हिस्सा वेग सोडायला लोकांचा हात धजत नाही. पैसे भरून घेतलेला वेग स्वतःच कापायचा, हे पटायला जड जातं खरं. माझं मत विचाराल तर घरातल्या इंटरनेटवर याहून स्वस्त सुधारणा नाही.

हे आकडे जाहिरातीतले नकोत, मोजलेले हवेत. गर्दीच्या वेळी, म्हणजे रात्री नऊ-दहाला, तारेने जोडलेल्या संगणकावरून तीनचार वेळा मोजा आणि त्यातला लहान आकडा धरा. त्याचे ८५ ते ९५ टक्के राउटरमध्ये भरा. किलोबिट, मेगाबिट आणि मेगाबाइट यांत गल्लत करू नका. एका मित्राने ९००० ऐवजी ९ भरले आणि घरातला टीव्ही तासभर गोल गोल फिरत राहिला.

खाली येणाऱ्या वाटेचं काय? तिथली रांग कंपनीच्या टोकाला लागते, आपला हात पोचत नाही. तरी तिथेही थोडा कमी वेग भरायचा, माझ्याकडे ४२. डाउनलोड त्याच्या वर जायला लागलं की राउटर काही पॅकेटं टाकतो, पाठवणारा समजतो की वाट भरली, आणि हात आखडता घेतो. वर जाताना जितकी घट्ट पकड असते तितकी इथे बसत नाही, म्हणून या बाजूला फरक थोडा जास्त सोडावा.

कुणाला पुढे काढायचं

आता नियमांचा प्रश्न. एक वाट अशी की कोणाचा नंबर आधी, ते आपण लिहून द्यायचं. टीपी-लिंकच्या बऱ्याच राउटरांत क्यूओएस चालू करून वरचा-खालचा वेग भरता येतो आणि मग यादीतल्या एखाद्या उपकरणाला प्राधान्य देता येतं, तेही तासाभरापुरतं किंवा कायमचं. मावशीसाठी घरातली टॅब्लेट ठरलेली असेल तर एवढंही पुरतं. मात्र बॅकअप करणारा आणि कॉल करणारा फोन एकच असेल तर ही युक्ती फसते. प्राधान्य मिळालेला फोन तेच प्राधान्य बॅकअपलाही वाटून टाकतो.

दुसरी वाट उपकरणाऐवजी कॉल ओळखण्याची. प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर ६ बिटांची एक खूण लिहायची सोय आहे, डीएससीपी नावाची, ० ते ६३. आवाजासाठी ठरलेला आकडा ४६. ऑफिसमधले टेबलावरचे, इंटरनेटवरून चालणारे आयपी फोन ही खूण लावून देतात. घरातली अ‍ॅपं लावतीलच असं नाही, आणि घराबाहेर पडल्यावर कंपन्या ती मानतीलच असंही नाही. मग पोर्टवरून, म्हणजे पॅकेट ज्या क्रमांकाच्या दारातून जातं त्यावरून, ओळखायचं. झूमची चित्रं आणि आवाज यूडीपी या पॅकेटं पाठवण्याच्या पद्धतीच्या ८८०१ ते ८८१० या पोर्टांवर जातात, टीम्सचे ३४७८ ते ३४८१ वर. मोबाइलची रेंज नसलेल्या खोलीत फोन आपणहून 'वायफाय कॉलिंग'वर जातो. एअरटेलने ही सोय २०१९ च्या डिसेंबरात आणली, जिओने पुढच्याच महिन्यात. तो कॉल बंद नळीतून कंपनीपर्यंत जातो आणि ती नळी यूडीपीच्या ५०० आणि ४५०० या पोर्टांवर उघडते. घरात रेंजची बोंब असेल तर ४५०० ला पुढे काढणारा एक नियम करून ठेवण्यासारखा आहे. असे नियम मी थोडे दिवस सांभाळले आणि शेवटी कंटाळलो. अ‍ॅप बदललं की नियम शिळा होतो.

तिसरी वाट मला सगळ्यांत पटली, तिथे नियम लिहावेच लागत नाहीत. आमचा गिरणीवाला नेमकं तेच करतो. पोत्यांची रांग असली तरी तो मान वर करून विचारतो, "तुमचं किती? एक डबा? द्या इकडे." एफक्यू-कोडेल आणि केक हे असे गिरणीवाले आहेत. प्रत्येक संभाषणाची वेगळी रांग करतात, सगळ्यांना आळीपाळीने घेतात, आणि जो थोडंसंच आणतो त्याला चटकन मोकळा करतात. कॉल आहे की काय आहे, हे त्यांना ओळखावं लागत नाही. २० मिलिसेकंदांनी एक छोटं पॅकेट आणणारा आपोआपच डबेवाला ठरतो आणि बॅकअप पोतेवाला. केक आणखी पुढे जाऊन घरातल्या उपकरणांतही समान वाटणी करतो, म्हणजे एका फोनने वीस जोडण्या उघडल्या म्हणून त्याला वीसपट हिस्सा मिळत नाही.

काही राउटरांत हे एसक्यूएम या नावाने असतं, काहींत क्यूओएसच्या प्रकारांत एफक्यू-कोडेल किंवा केक निवडता येतं. नसेल तर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची फुकट मिळणारी प्रणाली आहे. त्यात एसक्यूएमचं जादा पॅकेज टाकायचं, बाहेर जाणारा वॅन इंटरफेस निवडायचा, खालचा वेग ४२०००, वरचा ९०००, रांगेची पद्धत केक, संपलं. पण आपलं मॉडेल आणि त्याची आवृत्ती त्यांच्या यादीत आहे का, हे दोनदा बघा, चुकीची फाइल चढवली तर राउटर कायमचा जाऊ शकतो. आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. क्यूओएस चालू केलं की प्रत्येक पॅकेट राउटरच्या मुख्य प्रोसेसरला हाताळावं लागतं, एरवी ते वेगळ्या सर्किटमधून परस्पर जातं. ५० मेगाबिटच्या प्लॅनला साधा राउटरही हे सहज झेपवतो. ३०० मेगाबिटला स्वस्तातला राउटर धापा टाकतो आणि एकूण वेगच पडतो. तसं झालं तर फक्त वरच्या वाटेवर लावा, दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं.

कंपनीने दिलेल्या डब्यातच वायफाय असेल आणि त्यात क्यूओएसचं पानच नसेल, तर आपला राउटर त्याच्यामागे जोडता येतो. अट एकच, डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करायचं. घरातला एक फोन जरी मागच्या दाराने थेट डब्यावर चढला, तरी राउटरचा हिशेब कोलमडतो.

वायफायचा वाटा

वर जायचा वेग १०० मेगाबिट असणाऱ्यांच्या घरात वरची रांग क्वचितच भरते. तिथे कॉल तुटला तर मी आधी वायफायवर संशय घेईन. वायफायमध्ये सगळे एकाच हवेत बोलतात, एका वेळी एकच. मागच्या खोलीतला जुना फोन अगदी संथ वेगाने बोलतो आणि तेवढा वेळ सगळ्यांना थांबवतो. इथेही एक प्राधान्य आहे, डब्ल्यूएमएम नावाचं. आवाज, व्हिडिओ, साधी वाहतूक आणि मागे राहिली तरी चालेल अशी वाहतूक, असे त्यात चार वर्ग. ते बंद करू नका, बंद केल्यास वायफाय जुन्या ५४ मेगाबिटच्या जमान्यात जातं. कॉलचं उपकरण ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. २.४ वरच राहायचं असेल तर १, ६ किंवा ११ यांतला मोकळा चॅनल घ्या. राउटर चपलांच्या कपाटात असेल तर बाहेर काढा. टेबलावरच्या लॅपटॉपला शक्य असेल तर तार लावा, तारेला यातलं काहीच लागत नाही.

ऑफिसचा आयपी फोन घरी वापरत असाल आणि एकाच बाजूचा आवाज येत असेल, तर राउटरमधलं एसआयपी एएलजी बंद करून बघा. मदतीसाठी ठेवलेली ती सोय बऱ्याचदा पॅकेटांतला पत्ताच बिघडवते. व्हॉट्सअ‍ॅपचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि ज्यांना यातलं काहीच करता येत नाही, भाड्याचं घर आहे, डब्याचा पासवर्ड मालकाकडे आहे, त्यांनी पोती शोधावीत. फोटोंचा बॅकअप रात्री दोनला लावावा. फाटकावरचा कॅमेरा दिवसभर क्लाउडवर चित्र चढवत असेल तर चित्राचा दर्जा एक पायरी उतरवावा किंवा हालचाल झाली तरच पाठवायला लावावं.

आमच्याकडे आता बॅकअप चालू असतानाही पिंग २५ ते ३० च्या आसपास राहतो. हळदीचे उरलेले व्हिडिओ चढायला थोडा जास्त वेळ लागला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त एकदा फजिती झाली. दिवाळीत १०० मेगाबिटचा प्लॅन घेतला आणि तीन आठवडे मी इंटरनेटवाल्याशी भांडत होतो, की वेग ४२ च्या वर का जात नाही. त्याचा मुलगा घरी आला, तार थेट लॅपटॉपला लावली, ९६ दाखवले, आणि राउटरच्या पानावर मीच लिहून ठेवलेल्या ४२००० वर बोट ठेवून चहा पिऊन गेला.